लॅव्हेंडर राहू दे, करडई बघ

भाचीने जम्मूतल्या भदरवाहच्या जांभळ्या शेताचा फोटो पाठवलाय. खाली प्रश्न : "मामा, अहमदपूरच्या आपल्या रानात हे येईल का?"

नाही गं बाई. लॅव्हेंडरला थंडी हवी, निचऱ्याची जमीन हवी. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, आणि पुढे मे महिना आहेच. पण वास सोडला, तर फुलासाठी पेरायचं, ताटात वाढायचं आणि दुखण्यालाही लावायचं असं पीक लातूर-नांदेडकडे आपलंच होतं. करडई!

आपण तिला फक्त तेलबी समजतो. संस्कृतातलं 'कुसुंभ' म्हणजे हीच, आणि तिची जुनी ख्याती रंगाची. फुलं पाण्यात धुतली की आधी पिवळा रंग निघून जातो. मग क्षारात भिजवून, वर आंबट घालून लाल रंग सोडवायचा. इजिप्तमध्ये तूतनखामेनच्या थडग्यातल्या माळांतही करडईची फुलं होती. 1856 मध्ये लंडनला पर्किनने कृत्रिम रंग शोधला आणि पुढच्या काही दशकांत फुलांच्या रंगाचा बाजार बसला. उरलं ते तेल.

तेलाची गोष्ट तर त्याहून मजेशीर. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतींच्या तेलांत सगळ्यात अहितकर म्हणून करडईचंच नाव आहे! आणि विसाव्या शतकात हृदयासाठी हेच तेल चांगलं ठरलं, कारण त्यात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर. आमच्या आजीला दोन्ही मतं ठाऊक नव्हती. घाण्याचं तेल फोडणीला, तेच कोमट करून गुडघ्याला. कोवळ्या पानांची मूगडाळ-लसूण घालून भाजी, आणि बिया भिजवून वाटून काढलेलं दूध गव्हाच्या खिरीत. (चिनी वैद्य पाकळ्याही औषधात देतात, गरोदर बाईला मात्र वर्ज्य.)

मग ती गेली कुठे? पूर्वी रब्बी ज्वारीत करडईच्या तासा असायच्या, बांधालाही लावायचे, म्हणजे काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. सोयाबीन आलं, त्यामागे हरभरा आला, आणि करडईची जागाच संपली. शिवाय काढणी म्हणजे शिक्षा. दवाने काटे नरम असतात म्हणून पहाटे जायचं, तेही हातापायांना फडकी गुंडाळून. आता एवढं कोण करणार?

काट्यांवर उपाय निघालाय बरं का. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचं 'नारी-6' वाण काढलं. पाकळ्या कोमेजून लालसर झाल्यावर वेचल्या तर बी भरायचं थांबत नाही, म्हणजे एकाच झाडाचं तेलही आणि चहात टाकायला फूलही.

धाकट्या भावाला म्हटलं, यंदा हरभऱ्यात दोन-चार तासा टाकून बघ.

"टाकतो की," तो म्हणाला. "पाकळ्या वेचायला तू येणार का पुण्याहून?"