केरळच्या नद्यांतील चिमुकला केंड

कोकणात जाळी कुरतडणारा केंड मच्छीमारांना नकोसा असतो. त्याचा केरळमधील भाऊबंद मात्र आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो आणि जेमतेम तीन सेंटिमीटर वाढतो. सुंदरलाल होरा व नायर यांनी १९४१मध्ये या ‘त्रावणकोरिकस’ जातीचे वर्णन केले. पूर्ण वाढलेल्या नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ आणि डोळ्यांमागे सुरकुत्या दिसतात. मादी अधिक गोलसर असते. चार दातांच्या चोचीने हा मासा गोगलगायी फस्त करतो.

शौकिनांच्या काचपेट्यांसाठी त्याला प्रामुख्याने नद्यांतूनच पकडले जाते. त्यात ओळखीचा घोळ! १९९९मध्ये पश्चिम घाटातीलच ‘इमिटेटर’ अर्थात नकलाकार ही जात वेगळी ठरली. तिच्या अंगावरचे ठिपके लहान असतात. बाजारात दोन्ही एकाच नावाने खपू शकतात.