पावसाळ्याचे घर आणि उन्हाळ्याची वाट

उन्हाळा हा आपल्याकडे आप्तेष्टांचा ऋतू मानला गेला आहे. शेते मोकळी असतात, शाळांना सुट्ट्या असतात, लग्नामुंजींचे मुहूर्त याच दिवसांत निघतात, आणि मृगाच्या आत आपापल्या घरी परतले पाहिजे ही अलिखित मुदत प्रत्येक पाहुण्याच्या मनात असते. वरवर पाहता ही केवळ कौटुंबिक रूढी होय. परंतु महाराष्ट्राबाहेर सात-आठ पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत या रूढीत अठराव्या शतकाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग साठलेला आहे. तो थोडासा उलगडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठ्यांच्या मोहिमांचे वेळापत्रक पावसाने ठरविलेले असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, सुगीनंतरच्या कोरड्या महिन्यांत मुलूखगिरी करावी, आणि नर्मदा-तापी फुगण्यापूर्वी स्वदेशी परतावे, असा हा क्रम होता. जोपर्यंत तो पाळला जात होता, तोपर्यंत उत्तर हिंदुस्थान हा आपल्या पूर्वजांच्या लेखी केवळ जाण्यायेण्याचा प्रदेश होता. फौजेने पावसाळ्यात एके ठिकाणी जो मुक्काम करावयाचा, त्यास छावणी म्हणत. छावणी घरापासून दूर पडू लागली, तेव्हा खरा बदल घडला. १७२८ मध्ये चिमाजी आप्पांनी अमझेऱ्याची लढाई जिंकली. १७३८ मध्ये भोपाळच्या संग्रामानंतर झालेल्या तहाने निजामाने माळव्यावरील मराठ्यांचा हक्क मान्य केला. शिंद्यांनी उज्जयिनी, होळकरांनी इंदूर, पवारांनी धार आणि देवास ही आपापली ठाणी केली. सरदार पावसाळ्यातही तेथेच राहू लागले. चार महिने एके जागी राहावयाचे म्हटले म्हणजे तंबू पुरत नाही, छप्पर लागते. छप्पर आले की चूल येते, आणि चूल आली की तिच्यामागे कारकून, भिक्षुक, वैद्य, सोनार, शिंपी आणि गवई येतात. आमच्या मते मराठी माणसाची परप्रांतातील वसाहत तलवारीने जिंकलेल्या दिवसापासून मोजू नये. त्याने तेथे पहिला पावसाळा काढला, त्या वर्षापासून मोजावी.

ग्वाल्हेरीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला. तळ म्हणजे लष्कर. ते पुढे हलले नाही, आणि शहराच्या त्या भागाचे नाव आजही लष्कर असेच आहे. मुक्कामाचे गाव झाले, तरी नावाने मात्र आपण मुक्कामच आहोत हे सांगणे सोडले नाही.

या वाटेवर जे निघाले ते सर्वच परतले नाहीत. पहिल्या बाजीरावाचा अंत १७४० च्या एप्रिलात नर्मदातीरी रावेरखेडीस झाला. राणोजी शिंदे १७४५ मध्ये शुजालपुरास वारले. १७६० च्या उन्हाळ्यात भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेस गेलेल्या समुदायात तीर्थयात्रेसाठी निघालेली मंडळी आणि सरदारांची कुटुंबेही होती. पुढील वर्षी १४ जानेवारीस पानिपतावर काय झाले, ते सर्वश्रुत आहे. महादजी शिंद्यांनी आयुष्याचा मोठा भाग उत्तरेत घालविला. १७९२ मध्ये ते पुण्यास आले, आणि १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीस त्यांनी देह ठेवला. अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा, तर मृत्यू १७९५ मध्ये महेश्वरास झाला. पेशवाईचे हे मोठमोठे पुरुष आणि स्त्रिया नेमक्या कोणत्या गावच्या, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे एका शब्दात उत्तर देणे अवघड आहे.

सामान्य माणसाच्या प्रवासाचे चित्र पाहावयाचे असल्यास वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाकडे वळावे लागते. ते १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. घरचे कर्ज फिटावे म्हणून १८५७ च्या आरंभी विष्णुभट आपल्या काकांसह कोकणातून निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यात भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. महूच्या आसपास शिपायांकडून येऊ घातलेल्या बंडाची बातमी त्यांना कळली, तरी ते पुढेच गेले. दक्षिणेसाठी निघालेल्या या भिक्षुकाला झाशीचा वेढा आणि शहराची लूट प्रत्यक्ष पाहावी लागली. एका उन्हाळ्यात आरंभलेला प्रवास दोन पावसाळे उलटले तरी संपला नाही, आणि जोडलेले द्रव्य वाटेतच गेले. घरी परतताना त्यांच्याजवळ होती ती गंगेच्या पाण्याची कावड.

या वृत्तांतातील रणधुमाळीकडे आपले लक्ष स्वाभाविकपणे प्रथम जाते. परंतु आमच्या दृष्टीने त्यातील दुसरी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. माळव्यापासून बुंदेलखंडापर्यंत या पाहुण्याला बोलता येईल, जेवता येईल आणि ओसरीवर पथारी टाकता येईल अशी मराठी घरे भेटत गेली. राज्ये कोसळत असतानाही घरांची ही साखळी सर्वस्वी तुटली नाही. झाशीच्या राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव यांना राज्य गेल्यावर इंदुरात आसरा मिळाला, आणि १९०६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले. त्यांच्या वंशजांनी ‘झांशीवाले’ हे आडनाव धारण केले. ज्या गावी परतणे शक्य नव्हते, ते गाव त्यांनी नावात ठेविले.

पुढे आगगाडी आली. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंदुरास जोडणाऱ्या लोहमार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. माहेरवाशिणी दर उन्हाळ्यास येऊ लागल्या. सोयरिकी पुणे-सातारा सोडून इंदूर-ग्वाल्हेर-सागर अशा आपसांतच अधिक होऊ लागल्या. इंदुरात १९१५ मध्ये महाराष्ट्र साहित्य सभा स्थापन झाली. १९१७ आणि १९३५ साली साहित्य संमेलने तेथे भरली, आणि १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने प्रथमच एका स्त्रीने अध्यक्षपद भूषविले. अर्थात याच घरांतून दुसराही प्रवाह वाहत होता. श्योपुरास १९१७ मध्ये जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार झाले. एकाच माजघरात दोन भाषा नांदल्या, आणि प्रत्येकीला एकेक मुलगा लाभला.

हा सर्व इतिहास आमच्यापुढे एका सरकारी नियमाच्या निमित्ताने उभा राहिला. केंद्र सरकारच्या नोकरास रजा प्रवास सवलत मिळते, आणि तीसाठी आपले मूळ गाव कोणते ते सेवापुस्तिकेत नोंदवावे लागते. ही नोंद सबंध नोकरीत एकदाच बदलता येते. गाव कसे ओळखावे, याच्या कसोट्याही सरकारने सांगून ठेवल्या आहेत. घरगुती आणि सामाजिक कर्तव्यांसाठी अधूनमधून जातीने जावे लागते असे ते स्थान आहे काय? तेथे स्वतःचे घर आहे काय? जवळचे नातलग राहतात काय? नोकरीपूर्वी काही वर्षे तेथे वास्तव्य होते काय? आमच्या नोंदीत वडिलांच्या इच्छेनुसार सातारा जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव आहे. आमचे पूर्वज तेथून शिंद्यांच्या दफ्तरी कारकून म्हणून ग्वाल्हेरीस आले, असे घरात परंपरेने सांगतात. कारकुनी आमच्या घराण्यात टिकली. गाव टिकले की नाही, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात ते पाहण्याचे आम्ही ठरविले. भाड्याच्या खासगी गाडीचा खर्च सदर सवलतीत बसत नाही; तेव्हा स्वखर्चाने, पत्नी आणि दोन मुले यांसह, दिल्लीहून आम्ही जुन्या आग्रा रस्त्याला लागलो. २०१० पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक तीन म्हणून ओळखला जात असे; आता त्याचे तुकडे निरनिराळ्या क्रमांकांत विभागले गेले आहेत.

चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस आत्यांकडे पहिला मुक्काम झाला. आत्या ऐंशीच्या घरात आहेत. लष्करातील वाडा आता चार हिश्श्यांत वाटला गेला आहे. तरी गणपतीचा कोनाडा सामाईक आहे, आणि त्याची पूजा पाळीपाळीने होते. पुढे शिवपुरीस थांबलो. येवल्याच्या तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी येथे फाशी देण्यात आली. गुन्यास महाविद्यालयातील एका मित्राने जेवूखाऊ घातले. देवास हे एका गावात दोन संस्थाने नांदलेले नगर. थोरली पाती आणि धाकटी पाती यांच्या सीमा तेथील जुनी माणसे अजून रस्त्यांवरून दाखवितात. बेळगावाकडील कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी असताना कोरड्या हवेसाठी येथे आले, आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. अंथरुणाला खिळलेल्या दिवसांत कानी पडलेली माळव्याची लोकगीते त्यांच्या गायनात उतरली. प्रकृतीपुरता मुक्काम म्हणून आलेला माणूस असा गावाचा होऊन जातो.

इंदुरास मामांकडे सकाळी शेव घातलेले पोहे आणि जिलेबी यांवर मुलांनी ताव मारला. ‘तू केव्हा येऊन राहिलास?’ असे मामींनी विचारले, तेव्हा आमच्या मुलीला हसू आले. परंतु हिंदीच्या शेजाराने वळण घेतलेली ती मराठी दोनशे वर्षे या घरात अखंड बोलली गेली आहे. आमची मुले मात्र दिल्लीत आपसांत हिंदीच बोलतात. महूस वडिलांच्या एका वृद्ध स्नेह्यांना भेटलो. त्यांनी आम्हांस बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मस्थानी नेले. बाबासाहेबांचे घराणे आंबडव्याचे, जन्म १८९१ मध्ये या लष्करी ठाण्यातला आणि बालपणीचे शिक्षण साताऱ्याचे. महूचे अधिकृत नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे. मूळ गावाची आठवण नावात राहिलेल्या माणसाचेच नाव जन्मगावाला लाभावे, असे हे विलक्षण उदाहरण होय.

खलघाटास नर्मदा ओलांडली, सेंधव्याचा घाट उतरलो, आणि धुळे-नाशिकावरून अखेर त्या खेड्यात पोहोचलो. आमच्या आडनावाचे एकही घर तेथे उरलेले नाही. देवीचे देऊळ आहे, आणि देवळामागच्या एका शेताला आमच्या आडनावाने ओळखतात. ते शेत कित्येक पिढ्यांपूर्वी दुसऱ्यांचे झालेले आहे. तेथील एका वयस्क शेतकऱ्याने आमची आपुलकीने विचारपूस केली, ताक दिले, आणि ‘पाहुणे कोणत्या गावचे?’ असे विचारले. आमच्या पत्नीने ‘ग्वाल्हेरचे’ असे उत्तर दिले. त्यात काही गैर आहे असे त्यांस वाटले नाही, आणि विचारान्ती आम्हांसही वाटले नाही.

दिल्लीस परतल्यावर नोंद बदलण्याचा अर्ज आम्ही सादर केला आहे. काही नातलगांच्या मते यामुळे महाराष्ट्राशी असलेला अखेरचा कागदोपत्री संबंध आम्ही तोडत आहोत. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. तथापि नियमाची पहिली कसोटी आम्हांस इतिहासालाही धरून वाटते: जेथे आपल्या उपस्थितीची कोणाला गरज आहे, ते आपले गाव. आत्यांच्या वाड्यातील पूजेची पाळी दर चौथ्या वर्षी आमच्या हिश्श्याला येते. साताऱ्याच्या त्या देवीला आमची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. तिचे दर्शन आम्ही यापुढेही घेऊ, पण पाहुणे म्हणून.

मात्र नोंद कोठलीही असो, वाट मोडता कामा नये. मराठी राज्ये गेली, संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, आणि १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात मिसळला. या सर्व उलथापालथीतून जी भाषा शिल्लक राहिली, ती सभा-संमेलनांनी जोपासली हे खरे. पण त्याहूनही अधिक ती ओसरीवरच्या पथाऱ्यांनी आणि आत्या-मामांच्या चौकशांनी जोपासली. त्या अकरा दिवसांत आमच्या मुलांना पाच गावांच्या पाच तऱ्हांची मराठी ऐकावी लागली, आणि उत्तरेही मराठीतच द्यावी लागली, कारण आत्यांना दुसऱ्या भाषेतील उत्तर चालत नाही. दूरध्वनीवर ख्यालीखुशाली कळते, पण मुलांना पूजेचे ताम्हन हाती धरावे लागत नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे आप्त असेच दूरदूर विखुरलेले असतील, त्यांनी येत्या वैशाखात मुलांना घेऊन अवश्य निघावे. ज्यांच्या भाषेत हा इतिहास अद्याप बोलतो, अशी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.