शस्त्रवैद्याचे माप व ऊतींची साक्ष

अमेरिकेतील हार्टफर्ड येथे २५ ऑगस्ट १९५३ रोजी विल्यम स्कोव्हिल या शस्त्रवैद्याने अपस्माराने जर्जर झालेल्या हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून, दोन्ही कानशिलांकडील खंडांचा आतला भाग काढून टाकला. झटके कमी झाले. परंतु नवी घटना लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. स्कोव्हिल व ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ मध्ये हा रुग्ण 'एच. एम.' या आद्याक्षरांनी अभ्यासकांपुढे मांडला, आणि हिप्पोकॅम्पस व स्मृती यांच्या संबंधाविषयीचा पुढील बराचसा विचार त्याच्यावर उभा राहिला.

छेद सुमारे ८ सेंटिमीटर मागेपर्यंत गेला, अशी स्कोव्हिलची नोंद होती. वस्तुतः हे शस्त्रक्रियेच्या वेळी बांधलेले अनुमान होय. काढलेला भाग नळीने शोषून घेतलेला असल्यामुळे तो ताडून पाहण्याची सोयही उरली नव्हती. अनुमानाला मापाची प्रतिष्ठा मिळाली, ती अशी! सुझॅन कॉर्किन व त्यांचे सहकारी यांनी १९९२ व १९९३ मध्ये घेतलेल्या चुंबकीय प्रतिमांचा अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा छेद ५ सेंटिमीटरहून थोडाच अधिक असल्याचे व हिप्पोकॅम्पसचा मागील भाग, संकोचलेला का होईना, शिल्लक असल्याचे दिसून आले.

तथापि शिल्लक भागातील पेशींची रचना कशी आहे, हे प्रतिमेवरून ठरविता येत नव्हते. २ डिसेंबर २००८ रोजी मोलेसन मरण पावला. मृत्यूनंतर मेंदूच्या पुन्हा प्रतिमा घेण्यात आल्या, आणि पुढील वर्षाच्या डिसेंबरात याकोपो आनेसे यांनी सॅन डिएगो येथे तो गोठवून त्याचे ७० मायक्रॉन जाडीचे २४०१ काप केले. काप घेताना उघड्या पृष्ठभागाची छायाचित्रे टिपली जात होती. त्यांवरून मेंदूची त्रिमिती आकृती रचून तीत मापे घेण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हिप्पोकॅम्पसची बरीच ऊती आपली पेशीरचना राखून असल्याचे आढळले. त्याखेरीज डाव्या डोळ्याच्या खोबणीवरील ललाटखंडात एक लहान, मर्यादित इजाही आढळली.

भाषाभ्यासकाला ही इजा विशेष महत्त्वाची वाटेल. एच. एम.च्या वाक्यरचनेतील दोषांवरून डोनाल्ड मॅके व सहकारी यांनी १९९८ मध्ये हिप्पोकॅम्पसचा भाषानिर्मितीशी संबंध जोडला होता, आणि त्यावर वादही झाला. ते दोष शस्त्रक्रियेचे, जुन्या अपस्माराचे, की अन्य कशाचे, याची चर्चा चालू असताना ललाटखंडातील ही इजा कोणाच्याच हिशेबात नव्हती.