इफेड्रिनचं कूळ

एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यावर छापा घातला आणि सुमारे १८ टन इफेड्रिन पकडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याचं मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामाइन, होणार होतं. तेव्हापासून इफेड्रिन म्हटलं की लोकांना नशाच आठवते. हा त्या औषधावर अन्याय आहे.

त्याचं मूळ एफेड्रा नावाच्या, पानं जवळजवळ नसलेल्या काटक झुडपात आहे. हिमालयात त्याला सोमलता म्हणतात. वेदांतला सोम तो हाच का, यावर विद्वानांचं एकमत नाही. मुंबईच्या अग्यारीत पारशी धर्मगुरू ‘होम’ या विधीतल्या पेयासाठी ज्या कुटतात, त्या काड्या मात्र याच झुडपाच्या. चीनमध्ये दम्यावर त्याचा काढा शतकानुशतकं दिला जाई. बर्लिनला शिकून आलेल्या नागाई नागायोशींनी १८८५ मध्ये जपानात त्यातून शुद्ध इफेड्रिन वेगळं काढलं. पुढे १९२४ च्या सुमारास पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी दाखवलं की, त्याचं काम ॲड्रेनलिनसारखं आहे. शिवाय ॲड्रेनलिन पोटातून घेतलं तर वाया जातं. इफेड्रिन मात्र गोळीतूनही लागू पडतं. धाप लागलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

दोघांचं काम सारखं, कारण दोघांची घडण एकाच घराण्यातली: बेंझिनचं कडं, दोन कार्बनची साखळी, तिच्या टोकाला नायट्रोजन. इफेड्रिन चेतातंतूंच्या टोकांत शिरून तिथं साठलेलं नॉरॲड्रेनलिन बाहेर ढकलतं. नाडी वाढते, श्वासनलिका सैलावतात. साखळीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असल्यामुळे मेंदूभोवतीचा स्निग्ध पडदा त्याला सहजी ओलांडता येत नाही. जेवढं पोचतं तेवढ्यानं झोप उडते, हात थरथरतात.

त्यातला ऑक्सिजनचा एक अणू गेला की उरतं मेथ. तेही नागाईंनीच १८९३ मध्ये बनवलं. ते मेंदूत झपाट्यानं शिरतं आणि डोपामिनचा लोंढा सोडतं. व्यसन, भास, संशयाचं वेड हे सगळं तिथून सुरू होतं.

साखर आंबवणाऱ्या यीस्टकडून इफेड्रिनच्या रेणूचा कार्बनी सांगाडा जुळवून घेता येतो, हे १९२१ मध्ये न्यूबर्ग आणि हिर्श यांनी दाखवलं. त्यातून पुढं झुडपाशिवाय टनांनी माल निघू लागला, आणि चोरवाटाही रुंदावल्या. म्हणून १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने त्यावर पहारा बसवला. तो हवाच. पण सिझेरियनसाठी पाठीत भूल दिल्यावर बाईचा रक्तदाब कोसळला, तर तो सावरायला भूलतज्ज्ञ आजही इफेड्रिनचं इंजेक्शन देतात.