वाटखर्चाची शिष्यवृत्ती

वाचकहो, शिष्यवृत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा हुशार विद्यार्थी उभा राहतो, आगबोट उभी राहते आणि विलायतेतली दोन-चार वर्षे. १८९२ साली जमशेटजी टाटांनी अशाच शिक्षणासाठी निधी उभारला, आणि त्याच्या पहिल्या मानकरी होत्या दोन स्त्री डॉक्टर, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. आज सांगायची शिष्यवृत्ती याहून पुष्कळ लहान आहे. ती मिळते नोकरीतल्या माणसाला, आणि तीही तीन-चार दिवसांच्या एका परिषदेला जाऊन येण्यापुरती. तुम्ही म्हणाल, गाडीभाडं, मुक्काम आणि प्रवेश-फी. याला शिष्यवृत्ती कशाला म्हणायचं? याचे उत्तर अमेरिकेतल्या कॉलेजांत संगणक कसा शिरला, त्या हकिकतीत आहे.

१९५७ साली एम.आय.टी. या संस्थेत आयबीएम ७०४ नावाचे अवाढव्य यंत्र आले. त्याच्या दिवसाच्या तीन पाळ्या ठरल्या. एक आयबीएमची, एक एम.आय.टी.ची आणि एक आसपासच्या न्यू इंग्लंड प्रांतातील कॉलेजांची. या कॉलेजांपैकी एक डार्टमथ. तिथे थॉमस कर्ट्झ नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. दर पंधरा दिवसांनी पहाटेची गाडी पकडायची, पोलादी पेटीत भोके पाडलेली कार्डे न्यायची आणि संध्याकाळी उत्तरे घेऊन परतायचे, असा त्यांचा क्रम. कार्डात एखादी चूक राहिली, की पुढच्या खेपेपर्यंत बसा वाट पाहत! यंत्राच्या अवघड सांकेतिक भाषेत लिहिलेले एक काम महिनोन् महिने असेच रखडले. शेवटी त्यांनी ते फोरट्रान या सोप्या भाषेत लिहिले, आणि यंत्राने काही मिनिटांत उत्तर दिले.

पण या खेपांतून कार्डांखेरीज आणखी काही येत होते. पूर्वी डार्टमथलाच असलेले जॉन मॅकार्थी आता एम.आय.टी.त होते. एका भेटीत त्यांनी सुचवले, की एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था तुम्ही का करीत नाही? कर्ट्झनी परत येऊन ही गोष्ट सहकारी जॉन केमेनींच्या कानावर घातली. १ मे १९६४ रोजी पहाटे डार्टमथमध्ये ती व्यवस्था चालू झाली, आणि तिच्याबरोबर ‘बेसिक’ ही भाषा जन्माला आली. पुढे जगभरच्या मुलांनी संगणकाचे पहिले धडे गिरवले ते या भाषेत. समोरासमोर झालेल्या एका बोलण्याचे हे फळ!

त्या काळी या धंद्याला शाळाच नव्हती म्हणा ना. अमेरिकेत संगणकशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला, तो १९६२ साली. तोवर जो तो दुसऱ्याला विचारून शिके. १९५५ साली ७०४ यंत्र घेणाऱ्या कंपन्यांची माणसे लॉस एंजेलिसच्या परिसरात एकत्र आली. तेच तेच काम प्रत्येकाने वेगळे करण्यापेक्षा आपापले प्रोग्रॅम एकमेकांना द्यावेत, असे ठरवून त्यांनी ‘शेअर’ ही संघटना काढली. विद्यापीठांतही १९६४ साली ‘एज्युकॉम’ निघाली, मागून ‘कॉज’ आली. ‘कॉज’च्या पूर्ण नावातला शेवटचा शब्दच मुळी ‘देवाणघेवाण’ असा आहे. १९९८ साली या दोन्ही मिळून ‘एज्युकॉज’ झाली.

आता प्रश्न असा, की या सभांना जायचे कोणी? मोठ्या विद्यापीठाला दहा माणसे पाठवणे जड नाही. पण लहान कॉलेजात गुणपत्रिका, पगारपत्रके, बिघडलेली यंत्रे, तुटलेल्या तारा सगळे एकाच्याच गळ्यात असते. तो रजा मागतो तेव्हा ‘मग इथलं कोण बघणार?’ असे विचारले जाते, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री लागते प्रवासखर्चाला. म्हणजे ज्याला विचारायला शेजारी कोणी नाही, नेमका तोच घरी राहतो. ज्याच्या ओळखी आधीच आहेत तो जातो, आणखी ओळखी घेऊन येतो, वरच्या जागा भरताना त्याचेच नाव पुढे येते. ही दरी थोडीफार भरून यावी म्हणून परिषदेच्या शिष्यवृत्त्या निघाल्या. ‘कॉज’च्या अध्यक्षा जेन रायलंड यांच्या नावाने ‘एज्युकॉज’ने अशीच एक शिष्यवृत्ती ठेवली.

तिने सगळे साधते असे मात्र नाही. भाडे मिळाले तरी मागचे काम सांभाळायला माणूस मिळत नाही. २०२० साली महामारीमुळे ‘एज्युकॉज’ची वार्षिक परिषदही पडद्यावर भरली. भाड्याचा प्रश्न मिटला, व्याख्याने घरबसल्या ऐकता आली. पण चहाच्या वेळी शेजारच्याला ‘तुमच्याकडे हे कसं करता हो?’ असे विचारायची सोय राहिली नाही. कर्ट्झना मॅकार्थींकडून मिळाले ते अशाच विचारपुशीतून.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणी कॉलेजच्या कारभारात असाल आणि संगणक-विभागातल्या एकट्या माणसाचा परिषदेला जाण्याचा अर्ज टेबलावर आला, तर तो सहलीचा अर्ज समजून बाजूला सारू नका. भाडे द्या, चार दिवस त्याचे काम पाहायला कोणीतरी नेमा, आणि तो परत आल्यावर सगळ्यांना जमवून विचारा, कोणाकोणाला भेटलास, काय काय ऐकलंस?