वापरलेला प्राइमर कुठे पडतो?

माझा विषय घरातल्या धुळीतलं शिसं. जुना ऑइलपेंट, बॅटरीची दुरुस्ती, सोल्डरिंग ही नेहमीची यादी मला पाठ झाली होती. लिटरेचर रिव्ह्यू करताना अमेरिकन पेपरांमध्ये या यादीत एक वेगळाच उद्योग वारंवार दिसायला लागला: घरच्या घरी काडतुसं पुन्हा भरणं. हे आपल्या कामाचं नाही म्हणून मी ते चार-पाच वेळा सोडून दिलं. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवताच येत नाही, मग वाचायचं कशाला? गाईड म्हणाले, "सोडायचं तर का सोडलं ते लिहून सोड." ते लिहायला बसले आणि दोन आठवडे त्यातच गेले.

आधी वस्तू समजून घेऊ. लहानपणी दिवाळीत टिकलीचं पिस्तूल सगळ्यांनी वाजवलंय. टिकलीवर हातोडी पडली की आवाज होतो, ठिणगी उडते आणि कागदावर काळा डाग राहतो. काडतुसाच्या बुडाशी बसवलेला प्राइमर म्हणजे धातूच्या इवल्याशा वाटीतली अशीच एक टिकली. चाप ओढला की खटक्याची सुई तिच्यावर आपटते, ठिणगी आतल्या दारूला पेटवते, गोळी जाते. मागे उरते ती रिकामी पुंगळी, बातम्यांत 'घटनास्थळी चार पुंगळ्या सापडल्या' असं आपण वाचतो ती. पितळेची पुंगळी महाग असते आणि अनेकदा वापरता येते. म्हणून अमेरिकेतले हौशी नेमबाज हातदाब्यासारख्या एका यंत्रावर तिच्यातला जुना प्राइमर सुईने ढकलून काढतात आणि ती पुन्हा भरतात. निघालेला प्राइमर खाली पडतो. माझा सगळा प्रश्न त्या पडण्याचाच आहे.

इतिहास सुरू होतो तो टिकलीतल्या रसायनापासून. १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मर्क्युरी फुल्मिनेटबद्दलचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. ठोका बसला की फुटणारं हे पाऱ्याचं संयुग. प्रयोगांत तो स्वतः जखमी झाला, आणि त्याच वर्षी त्याला कोपली पदकही मिळालं. पुढे १८०७ मध्ये स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी ठोक्याने पेटणाऱ्या चापाचं पेटंट घेतलं. कारण मजेशीर होतं: चकमकीच्या बंदुकीची ठिणगी आधी दिसायची आणि गोळी पोचेपर्यंत बदकं उडून जायची. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली. १८५७ ची काडतुसं शाळेत सगळ्यांनी वाचलेली असतात. ती कागदी होती, आणि एनफिल्ड बंदुकीवर ही टोपी वेगळी बसवावी लागे. टोपी पुंगळीच्याच बुडात गेली ती नंतर.

१८६६ मध्ये दोन पेटंटं निघाली, एक अमेरिकेच्या हायरम बर्डनचं आणि दुसरं इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरचं. बर्डनच्या पुंगळीत आतल्या दारूकडे जाणारी दोन बारीक छिद्रं कडेला, बॉक्सरच्या पुंगळीत एकच आणि बरोबर मध्यभागी. मध्यभागी छिद्र असलं की वरून सरळ सुई घालून जुना प्राइमर पाडता येतो. बर्डनचा काढायला आकडा नाहीतर पाण्याचा दाब लागतो. गंमत अशी की इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची युरोपात. घरी काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला त्यामागे हे मधलं छिद्र बऱ्याच अंशी आहे, असं मला वाटतं.

आता उरलेल्या मालाकडे. पहिली तक्रार पितळेची होती. फुल्मिनेट फुटलं की पारा मोकळा होतो आणि पितळेत शिरून ते ठिसूळ करतो. काळ्या दारूच्या काळात हे फारसं जाणवत नसे, कारण तिचं कीट एवढं पडे की पाऱ्याचा बराचसा भाग त्यातच निघून जाई. १८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली, कीट गेलं, आणि पुन्हा भरलेल्या पुंगळ्या तडकायला लागल्या. अमेरिकन लष्कराने १८९० च्या दशकाच्या शेवटी पारा काढून टाकला. (पितळ तडकण्याचा दुसरा एक प्रसिद्ध किस्सा आपल्याकडचा आहे. ब्रिटिश फौजेची भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं तडकत. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया. धातुशास्त्राच्या पुस्तकांत हे 'सीझन क्रॅकिंग' म्हणून येतं. पाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण व्हायव्हात दोन्हींची गल्लत होते, म्हणून सांगितलं.)

पाऱ्याच्या जागी पोटॅशियम क्लोरेटवर भर आला आणि दुसरी तक्रार आली, ती लोखंडाची. बंदुकीची नळी कितीही तेल लावा, गंजायची. सगळ्यांचा संशय नव्या दारूवर. तिच्यातून आम्ल सुटतं आणि तेच नळी खातं, असं लोक धरून चालले होते. १९२२ मध्ये अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सने विल्बर्ट हफ यांचा टेक्निकल पेपर छापला. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असं मी म्हणेन, विषय कुठलाही असो. हफनी दाखवलं की दोष दारूचा नाहीच. क्लोरेटमधला ऑक्सिजन निघून गेला की उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे जवळजवळ आपल्या मिठाचा भाऊच. तो नळीत बसतो, दमट हवेतलं पाणी ओढतो आणि गंज चढवतो. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. काळ्या दारूच्या काळात लोक कीट काढायला नळी गरम पाण्याने धुवायचे, त्यात मीठही नकळत जायचं. बिनधुराची दारू आल्यावर धुण्याची गरज संपली असं समजून त्यांनी तेल धरलं, आणि मीठ तेलाखाली सुखाने राहिलं. दारू बदलली आणि गंज वाढला, हे निरीक्षण खरं होतं. पण मधे एक सवयही बदलली होती, ती कोणी मोजलीच नव्हती. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये नेमकी अशीच चूक निघाली होती, त्यामुळे हे वाचताना मला जरा हायसं वाटलं.

उपाय १९२० च्या दशकाच्या शेवटी आला. जर्मनीच्या आरडब्ल्यूएस कंपनीने १९२८ मध्ये सिनॉक्सिड नावाचं मिश्रण आणलं. नावाचाच अर्थ 'गंजाविना'. क्लोरेट गेलं, पारा गेला. त्यांच्या जागी आलं लेड स्टिफ्नेट, जोडीला बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड. पितळ वाचलं, लोखंड वाचलं. शिशाबद्दल तेव्हा फारशी हाकाटी झाली नाही. कशी होणार? पुंगळी तडकलेली दिसते, गंज दिसतो. रक्तातलं शिसं दिसत नाही.

माणसाची पाळी आली ती १९७० च्या दशकात. अमेरिकेत बंदिस्त नेमबाजी-केंद्रांतल्या हवेची मोजणी सुरू झाली, आणि १९७८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेत शिशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरली. आता एक छोटं गणित करू. एका प्राइमरमध्ये मिश्रण असतं साधारण २० ते ४० मिलिग्रॅम, त्यातलं शिसं काही मिलिग्रॅम, म्हणजे काही हजार मायक्रोग्रॅम. बहुतेक नळीवाटे जातं, पण थोडं वाटीत आणि पुंगळीत काजळीसारखं चिकटून राहतं. प्राइमर पाडला की ही काजळी झडते.

याच सुमारास या काजळीला दुसरंही गिऱ्हाईक मिळालं. १९५९ मध्ये हॅरिसन आणि गिलरॉय यांनी संशयिताच्या हातावरचं शिसं, बेरियम आणि अँटिमनी रंगाच्या चाचणीने शोधण्याची पद्धत मांडली. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकाच कणात तिन्ही धातू दाखवता यायला लागले. न्यायवैद्यक प्रयोगशाळेसाठी जो पुरावा, तोच घरातल्या कार्पेटवर विष. पुढे बिनशिशाचे प्राइमर आले तेव्हा पुरावा शोधणाऱ्यांची पंचाईत झाली, पण तो वेगळा लेख होईल.

तर घरातलं यंत्र. जुन्या घडणीच्या दाब्यांत निघालेला प्राइमर समोर लावलेल्या छोट्या वाटीत पडायचा, निदान पडावा अशी अपेक्षा असायची. अर्धे बाहेर उडून टेबलाखाली जात. नंतरच्या काही यंत्रांत दट्ट्याच पोकळ केला, त्यातून प्राइमर सरळ खाली नळीत आणि नळीतून बंद बाटलीत. माझ्या मते काडतूस भरण्याच्या इतिहासातली ही फार मोठी सुधारणा आहे, आणि ती आली होती मुख्यतः पसारा आवरायला. धूळ आवरली हा तिचा जोडफायदा. तिथेही सगळं संपत नाही. पुंगळ्या घासायला मक्याच्या कणसाचा भुसा घालून थरथरणारं भांडं वापरतात, त्याची धूळ प्राइमरच्या धुळीपेक्षा वाईट असू शकते. म्हणून पाण्यात घासणं बरं, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं बरं, आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर नको, कारण बारीक कण तो मागून पुन्हा हवेतच सोडतो. रांगणारं मूल घरात असेल तर हे सगळं दुप्पट लागू. मुलांच्या रक्तासाठी अमेरिकेने २०२१ पासून धरलेला संदर्भ-आकडा आहे डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम. वरचे हजारांतले आकडे त्याच्याशेजारी ठेवून बघा.

हे सगळं दीड पानात बसवून मी गाईडना दिलं. परत आलं तेव्हा बाटलीच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती आणि बाजूला दोनच शब्द: "भरल्यावर कुठे?" भंगारात, पितळ म्हणून. पितळ वितळतं ९०० अंश सेल्सिअसच्या वर, शिसं ३२७ ला. भट्टीवरच्या माणसाचा परिच्छेद आता तिसऱ्या चॅप्टरमध्ये घातलाय.