आमच्या शिवारातील पाहुणे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी ऐतिहासिक लिहून द्यावे, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला तेव्हा प्रथम औंढ्याचे देऊळ डोळ्यांपुढे आले, मग नर्सीचे नामदेवमहाराज आठवले. परंतु या दोहोंवर जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. शेतकऱ्याच्या घरातील बाईला जो इतिहास रोज हाताळावा लागतो, त्यावर मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही. न बोलावता आखाड्यावर आणि वावरात येणारी जनावरे आणि त्यांच्यासाठी जागलेल्या रात्री, हा तो इतिहास. माझे लग्न होऊन मी कयाधूकाठच्या एका गावी नांदावयास आले ते १९७४ साली. तेव्हापासून मी स्वतः पाहिलेले, सासूबाईंकडून ऐकलेले आणि पुस्तकांतून वाचलेले असे तिन्ही एकत्र करून येथे मांडीत आहे.

पाहुण्या जनावरांच्या कथा आपल्या भागाला नव्या नाहीत. आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवमहाराजांचे जन्मस्थान मानले जाते. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणून तुपाची वाटी घेऊन महाराज त्याच्यामागे धावले, ही कथा आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो. त्याच तेराव्या शतकातील महानुभावांच्या लीळाचरित्रात, शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयास आला आणि त्यांनी त्याला वाचविले, अशी लीळा आहे. या कथा कीर्तनात निघाल्या की माझ्या सासूबाई भक्तिभावाने हात जोडीत, पण घरी परतताना हळूच म्हणत, “एका कुत्र्याला तूप वाढता येतं गं बाई, हरणांच्या कळपाला कुठल्या वाटीनं वाढावं?”

त्यांचा हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. दया करावी हे खरे, पण वर्षाचे पोट ज्या पिकावर आहे ते राखावे तर लागतेच. आणि राखण करावयाची कोणी? सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेला गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचा संग्रह आहे. त्यात साळीचे शेत राखणारी तरुण स्त्री भेटते. सातवाहनांचे पैठण हे आपल्याच मराठवाड्यातले. म्हणजे दीडदोन हजार वर्षांपूर्वीही कणसावरची पाखरे हाकावयास बाईच उभी होती! राजांची नावे इतिहासात राहिली. राखणदारणीचे नाव मात्र त्या गाथेतही नाही.

आता निजामशाहीच्या काळाकडे वळू. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. १९०३ साली ती फौज मोडेपर्यंत छावणीचा दबदबा होता. त्या काळी फौजी अधिकारी, जहागीरदार आणि संस्थानिक यांना शिकारीचा मोठा शौक असे. दख्खनच्या माळरानावर काळविटांचे कळप असत आणि त्यांच्या मागे पाळीव चित्ते सोडण्याची चाल राजेरजवाड्यांत होती. कोल्हापूरच्या दरबारात तर पुढे आफ्रिकेतून आणलेले चित्तेही होते. आपल्या देशातील चित्ता मात्र संपला. १९४७ साली कोरिया संस्थानात मारले गेलेले तीन चित्ते हे शेवटचे समजले जातात, आणि १९५२ साली तो देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुढे आफ्रिकेतील नामिबियाहून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडले, तो दिवस १७ सप्टेंबर २०२२ चा. म्हणजे नेमका आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. नाहीसे झालेले जनावर परत आणण्यास किती सायास पडतात, हे त्यावरून ध्यानात यावे.

सासूबाईंच्या बालपणी गावाभोवती गायरान आणि माळ मोठा होता. हरणे माळावर चरत आणि ज्वारी हिरवी असली म्हणजे पहाटे वावरात उतरत. लांडगा धनगरांच्या मेंढरांमागे असावयाचा; कोल्हे उसाच्या आणि बोरीच्या वासाने यावयाचे. लांडग्याची धास्ती सर्वांत मोठी. परंतु हरणाच्या पिलावर आणि डुकराच्या पिलावर त्याचीच नजर असे, हेही त्या सांगत. “लांडगा मेंढीचं खातो, पण ज्वारीचं राखतो,” असे त्यांचे म्हणणे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने सांगितलेली ही गोष्ट मला पुढे मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडली.

मी आले तेव्हाही आमचे सारे शिवार ज्वारीचे होते. कणसे भरू लागली की वावराच्या मध्यावर चार मेढी रोवून माळा बांधीत. दिवसा माळ्यावर बायका आणि मुली गोफण घेऊन उभ्या राहत. रात्री गडीमाणसे जागलीला जात. एका माळ्यावरून हाळी दिली की दुसऱ्यावरून उत्तर येई. साऱ्या शिवारात एकच पीक आणि एकाच वेळी पिकणारे; त्यामुळे पाखरांचा आणि जनावरांचा वाटा साऱ्या गावावर वाटला जाई. कोणा एकाचे वावर बसत नसे. बांधावरच्या चार ओळी पाखरांच्या, असे धरूनच पेरणी होई. नागपंचमीला आम्ही चिरीत, कापीत नसू आणि नांगर चालत नसे. ही केवळ देवाची भीती नव्हे. ज्याच्या शेजारी वर्षभर राहावयाचे त्याचा वर्षातून एकदा मान राखण्याची ती रीत होती.

पुढे ही घडी मोडली आणि ती मोडण्यास एकच कारण झाले असे नाही. १९६८ च्या सुमारास पूर्णेवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे पुरी झाली. पुढे पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, केळी आली, हळद वाढली. घरात चार पैसे आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बाराही महिने हिरवा आणि आत शिरले तर माणूस दिसू नये असा उसाचा फड म्हणजे रानडुकरांना आयते घरच झाले. १९७२ सालचा दुष्काळ आपल्यापैकी पुष्कळजणींनी भोगला आहे. त्याच वर्षी वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीला आळा बसला, हे योग्यच झाले. मात्र तोवर लांडगे फार थोडे उरले होते, आणि माळ व गायराने नांगराखाली जात होती. चरावयाची जागा गेली, खाणारे जनावर गेले, लपावयास ऊस मिळाला. मग रोही आणि रानडुकरे वाढली यात नवल ते काय? त्यानंतर सोयाबीन आले आणि ज्वारी मागे पडली. आता कोणी हौसेने एकरभर ज्वारी पेरली तर पाच गावांची पाखरे तिच्यावर उतरतात. म्हणून तीही कोणी पेरीत नाही.

आजचे पाहुणे कोण, ते सर्वांना ठाऊक आहे. रोह्यांचा कळप रात्रीत हरभऱ्याचे शेंडे खुडून जातो. त्याच्या नावात ‘नीलगाय’ असली तरी ते गाईच्या जातीचे नव्हे; ते हरणाकाळविटाच्या गोतातले मोठे जनावर आहे. नावातल्या ‘गाई’मुळे मात्र त्याच्यावर हात उचलावयास पुष्कळांचे मन होत नाही. डुकरे भुईमूग उकरतात, मका लोळवतात. वानरे तुरीच्या शेंगा दिवसाढवळ्या सोलून खातात आणि हाकावयास बाई आली तर हलत नाहीत. गडीमाणूस दिसला की मात्र झाडावर चढतात. मोरांनी पेरलेले दाणे वेचले तर रागवावे की पाहत राहावे, हे अजून माझे ठरलेले नाही. १९६३ साली त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला. आमच्या बांधावर त्याआधीपासूनच होता.

यावर उपाय म्हणून आमच्या भागात जुन्या लुगड्यासाड्यांचे कुंपण निघाले. वावराभोवती खांब रोवून साड्या ताणून बांधतात. वाऱ्याने फडफडल्या की जनावर बुजते. आता अशा साड्या बाजारात किलोवर मिळतात. मी एकदा बांधाने चालत गेले तर माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या लग्नातील शालू, थोरल्या नणंदेचे डोहाळजेवणाचे हिरवे पातळ आणि सासूबाईंचे इरकली अशी सारी घरातील मंडळी ओळीने वाऱ्यावर उभी होती. हसू आले आणि मनात असेही आले की, बाई गेली तरी तिचे लुगडे राखण करीतच आहे! दोन हंगामांनी जनावरे साडीला सरावतात, हा भाग वेगळा.

काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. भगिनींनो, हे मात्र कोणीही करू नये व घरात करू देऊ नये. त्या तारेला डुकराची आणि माणसाची ओळख नसते. बातमी छापून येते ती पुष्कळदा शेजाऱ्याच्या किंवा घरच्याच मुलाची असते.

जागलीचा भार आता कोणावर आहे, हेही सांगितले पाहिजे. मुले शिकून पुण्यामुंबईस गेली. सालगडी मिळत नाही. ज्या गावी अजून पंपाची वीज पाळीने रात्री येते, तेथे पाणी द्यावयास नवरा जातो आणि बॅटरी धरावयास बायको जाते. तो मोटरीजवळ, ती बांधावर. पायाखाली साप असतो आणि पुढे डुकरे. नुकसान झाल्यावर भरपाई आहे, तिचे नियम आहेत. परंतु अर्ज सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचा. एका साली आमचा दीड एकर भुईमूग डुकरांनी एका रात्रीत उलथला. घरधनी आजारी होते, म्हणून मी अर्ज घेऊन गेले. “मालकांना पाठवा,” असे उत्तर मिळाले. पीक पेरले मी, राखले मी, उलथलेले पाहिले मी. आणि कागदावर मी कोणीच नव्हते! शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ करून बायकोच्या नावे जमीन करून देण्यास शेतकऱ्यांना सांगितले होते. त्यात किती शहाणपण होते, हे मला त्या दिवशी उमगले. पुढच्याच वर्षी घरधन्यांनी माझे नाव सातबाऱ्यावर लावून घेतले.

आता सर्वांत मोठ्या पाहुण्याची हकीकत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे. तेथे वाढलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी पट्टा बांधला होता. जूनमध्ये तो नवी जागा शोधावयास निघाला. तेलंगणाचा मुलूख, नांदेड, आपला हिंगोली जिल्हा, वाशीम असा फिरत फिरत वर्षाच्या अखेरीस तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर! नाल्यांनी, वावरांतून, बहुधा रात्रीचा चालला. वाटेत रानडुकरे आणि गुरे यांवर गुजराण केली. इतक्या गावांशेजारून गेला, पण माणूस जखमी झाल्याचा प्रसंग एकच नोंदला गेला. तोही वाघ विसावला होता त्या झाडीत लोकांचा जमाव शिरला तेव्हा. जखम किरकोळ होती.

त्या दिवसांत आमच्या भागात केवढी धांदल उडाली होती! आधीच परतीच्या पावसाने सोयाबीन भिजलेले, त्यात मजूर बायका वावरात यावयास धजेनात. कोणी म्हणे कयाधूत पाणी पिताना दिसला, कोणी म्हणे उसात बसला आहे. तरुण मुले मोबाईल घेऊन पाहावयास पळत आणि म्हातारी माणसे देव पाण्यात घालीत. वाघ कोठे थांबला नाही. त्याला वाटच हवी होती. पुढे २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरकडचाच एक वाघ थेट धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या अभयारण्यात दिसला. तेव्हा ही वाट पुन्हा कोणी तरी चालणार, हे धरून चालावे.

हा सारा इतिहास आठवताना एक गोष्ट मनात ठाम होते. ही जनावरे आपल्याला अवचित आलेली वाटतात, परंतु त्यांची ये-जा आपल्या पणजीच्याही आधीची आहे. बदलले आहे ते शिवार. पूर्वी माळ होता, लांडगा होता, एक पीक होते आणि एका हाळीला उत्तर देणारे दहा माळे होते. आज जो तो आपापल्या तारेच्या आत एकटा जागतो, म्हणून पाहुणा जड झाला आहे. माळ आणि लांडगा आपल्या हातात नाहीत. पण हाळीला उत्तर देणे आपल्या हातात आहे.

त्यासाठी मंडळाने तीन गोष्टी हाती घ्याव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. रात्रीच्या पाण्याला आणि जागलीला कोणी बाई एकटी जाणार नाही, अशा आळीपाळीच्या जोड्या ठरवाव्यात. मोठे जनावर दिसल्यास गर्दी करू न देता वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि पिकाचे नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत अर्ज देण्यास एकमेकींना मदत करावी. आणि ज्या भगिनींचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्यांच्या घरी जाऊन समजुतीने तो विषय काढावा. गाथेतल्या राखणदारणीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही; आपली नावे तरी कागदावर असावीत.

मंडळास उदंड आयुष्य लाभो आणि आपणा सर्वांच्या शिवारात पाखरांनाही पुरून उरेल इतके पिको, हीच सदिच्छा.